चार स्टार, पाचवा नंबरच्या गोंधळामुळे गेला

जळगावातला बाळांचा दवाखाना आहे, नाव टाकत नाही कारण गर्दी आधीच एवढी की सकाळी सातला नंबर लावला तरी दुपार होते, फोन कोणी उचलत नाही, तान्ही लेकरं घेऊन बाया जिन्यात बसलेल्या. एक स्टार त्याचाच कापला.

बाकीचे चार एका गुणाकाराचे.

पोरगा चार महिन्यांचा. तोंडातला पांढरा थर जाईना, जुलाब थांबेना, दोनदा न्यूमोनिया, वजन जिथल्या तिथे. सासूबाईंचं एकच, पोऱ्याले नजर लागनी. आधी दोन ठिकाणी दाखवलं, सीबीसीत (रक्तातल्या पेशींची साधी तपासणी) पांढऱ्या पेशी ७,०००, म्हणे नॉर्मल आहे, अँटिबायोटिक घ्या. ह्या डॉक्टरांनी तोच जुना कागद घेतला, लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींतल्याच, प्रतिकारशक्तीच्या) १२ टक्के लिहिलेलं, मोबाइलवर गुणाकार करून मलाच दाखवला, ८४०. मोठ्या माणसाला हे थोडं कमी, पण एवढ्याशा बाळात ३,००० च्या खाली गेलं तर माझी झोप उडते म्हणाले.

मग विचारलं, तुमच्या माहेरी कोणी मुलगा तान्हेपणी गेला का. गेला होता, माझा भाऊ, मी जन्मायच्या आधी, यावलला, घरात कोणी त्याचं नावही काढत नाही. म्हणाले, प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजाराचे काही प्रकार आईच्या एक्स क्रोमोझोममधून येतात, आईला काही होत नाही, मुलग्यांना होतो. हे सांगताना त्यांनी आवाज असा ठेवला की मला गुन्हेगार वाटलं नाही, ह्याचे खरं तर वेगळे स्टार द्यायला पाहिजे.

बीसीजीची लस दिलेल्या बाजूची काख चाचपून बघितली. रोटा आणि पोलिओचे थेंब बंद, कारण त्या जिवंत लसी, मोठ्या मुलीलाही पोलिओचे थेंब नको, रक्त चढवायची वेळ आली तर रेडिएशन दिलेलंच रक्त.

पुढची टेस्ट फ्लो सायटोमेट्री, म्हणजे कुठल्या प्रकारच्या पेशी किती ते मोजणारी. एका कलेक्शन सेंटरवाल्याने सॅम्पल बर्फात ठेवून वाया घालवलं, पेशी जिवंत लागतात हे त्याला माहीतच नाही. शेवटी बाळाला घेऊन आम्हीच मुंबईला गेलो, केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच ही रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांची संस्था आहे तिथे. लिम्फोसाइटचे तीन प्रकार, त्यात टी पेशी जवळपास शून्य, एनके नाहीत, बी भरपूर. एससीआयडी, म्हणजे जन्मतःच प्रतिकारशक्ती जवळपास नसणं.

आता जीनचा रिपोर्ट यायचाय, बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी मोठीचं सॅम्पल मॅचिंगला गेलंय. दवाखान्यात जाणार असाल तर आधीचे सगळे सीबीसी न्या, नॉर्मल म्हणून परत दिलेले पण.