आयुष्मान आरोग्य मंदिर : सेवा चांगली, वेळ गैरसोयीची
यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, ३० वर्षांवरील व्यक्तींचा रक्तदाब, साखर आणि तोंड मोफत तपासले जाते. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याच्या गालात पांढरा चट्टा दिसला किंवा तोंड पुरेसे उघडत नसले, तर समुदाय आरोग्य अधिकारी न रागावता समजावतात आणि पुढील तपासणीसाठी चिठ्ठी देतात. तरीही बाकावर बहुतेक बायकाच दिसतात. कापूस विकला गेल्यावर पाहू, असे म्हणणारा शेतकरी बैल लंगडला की मात्र त्याच दिवशी पशुवैद्य गाठतो. अर्थात, शेतातून तो परततो तेव्हा केंद्राला कुलूप असते, हेही खरे. आठवड्यातून एक संध्याकाळ ते उघडे ठेवावे. पाचपैकी चार गुण. एक वेळापत्रकापायी कापला.