३८८८ जमतो, १९८९ जमत नाही: रोमन अंकांच्या लाकडी संचाबद्दल

शाळेत रोमन संख्याचिन्हं सुरू झाली तेव्हा माझ्या भाचीला एक ते बारा आधीपासूनच येत होते, घड्याळामुळे. पाठ करत करत ती विसापर्यंत पोचली, पण पुढे गाडी अडली. ४० विचारले की ती सरळ चार एक्स लिहायची. मी गणिताच्या शिकवण्या घेते. फळ्यावर नियम लिहून देणं माझ्या हातचं होतं, पण नियम ऐकून तिच्या चेहऱ्यावर काही उजेड पडत नव्हता. म्हणून हा लाकडी संच घेतला. दोन महिने रोज थोडा थोडा वापरून झाला, आता लिहिते.

खोक्यात पंधरा ठोकळे आहेत. आय, एक्स, सी आणि एम प्रत्येकी तीन, तर व्ही, एल आणि डी एकेक. सोबत चार खाचांची पाटी, पुठ्ठ्याचं घड्याळ आणि एक पुस्तिका. ठोकळे हाताला गुळगुळीत लागतात. एक, दहा, शंभर, हजार ही अक्षरं लाकडाच्या मूळ रंगात आहेत आणि पाच, पन्नास, पाचशे हिरव्या रंगात. हा रंग नुसता शोभेचा नाही. हिरवी अक्षरं एका संख्येत दुसऱ्यांदा येत नाहीत आणि मोठ्या अक्षराच्या डावीकडे बसून वजाही होत नाहीत. ‘हिरवं एकदाच, हिरवं कधी वजा नाही’ एवढं सांगितलं की अर्धी चुकीची उत्तरं तिथेच थांबतात.

पण या संचाचा खरा प्राण म्हणजे ती पाटी. चार खाचांवर हजार, शतक, दशक, एकक असं कोरलेलं आहे. १९४७ मांडायचे तर आधी हजाराच्या खाचेत एम. मग शतकाच्या खाचेत नऊशे, म्हणजे सी-एम. दशकात चाळीस, एक्स-एल. एककात सात, व्ही-आय-आय. मग सगळे ठोकळे डावीकडे सरकवून जवळ आणायचे, की संख्या तयार. प्रत्येक खाच स्वतंत्रपणे भरायची असते हे मुलांना तोंडी कितीही सांगा, पटत नाही. इथे हातांना कळतं. चौथ्या दिवशी भाची म्हणाली, “मावशी, एककाच्या खाचेतले नऊ आकार आले की दशकातले आपोआप येतात, फक्त अक्षरं बदलायची.” अगदी बरोबर. आयच्या जागी एक्स, व्हीच्या जागी एल, एक्सच्या जागी सी. शतकातही तसंच. पाठ करायचे फक्त नऊ आकार!

शून्याचंही तसंच. रोमन लिपीत शून्याला अक्षर नाही, हे वाक्य मुलं ऐकतात आणि सोडून देतात. २००५ मांडताना शतक आणि दशक या दोन्ही खाचा रिकाम्या राहतात, ठोकळे जवळ सरकवले की रिकामी जागा नाहीशी होते आणि उरतं एम-एम-व्ही. ती बराच वेळ त्या तीन ठोकळ्यांकडे बघत बसली होती.

आता तक्रार. एक दिवस तिने आईचं जन्मवर्ष मांडायला घेतलं, १९८९. एम, मग सी-एम, मग एल-एक्स-एक्स-एक्स. एककाच्या खाचेत नऊ करायला आय हातात घेतला आणि एक्स शोधायला लागली. एक्स संपले होते. तिने सगळं मोडून पुन्हा मांडलं. तिसऱ्यांदा मोडलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, कारण चूक आपलीच आहे असं तिला वाटत होतं. तिची काहीच चूक नव्हती. या संख्येला चार एक्स लागतातच.

संच बनवणाऱ्यांनी ‘एक अक्षर तीनपेक्षा जास्त वेळा येत नाही’ हा नियम शब्दशः धरलेला दिसतो. नियम असा आहे की ते लागोपाठ तीनपेक्षा जास्त वेळा येत नाही. ३९ घ्या: एक्स-एक्स-एक्स-आय-एक्स. मध्ये आय आहे, पण एक्स मोजले तर चार. या खोक्यातून न जमणारी सर्वांत लहान संख्या हीच, नंतर ८९. ३९० ते ३९९ आणि ८९० ते ८९९ मांडायला सी कमी पडतो, ३९०० पासून पुढे एम. गंमत अशी की ३८८८ मांडायला बरोबर पंधरा ठोकळे लागतात, खोक्यात एकही उरत नाही. बहुधा तीच संख्या समोर ठेवून ठोकळे मोजले असावेत. ३९९९ पर्यंतची प्रत्येक संख्या जमायची तर अठरा हवेत.

पुस्तिका मला अपुरी वाटली. वजाबाकीचा नियम एका ओळीत उरकला आहे: लहान अक्षर मोठ्याच्या आधी आलं तर वजा करा. कोणतं अक्षर कोणाच्या आधी चालतं, ते दिलेलंच नाही. आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी, एक्स फक्त एल आणि सीच्या आधी, सी फक्त डी आणि एमच्या आधी. हे न सांगितल्यामुळे भाचीने ९९ साठी आय-सी लिहिलं, आणि पुस्तिकेच्या नियमाने ते चुकीचं ठरवता येत नव्हतं. पाटीवर मांडल्यावर मात्र एक्स-सी आणि आय-एक्स असे दोन भाग आपोआप निघाले.

मराठी मुलांची आणखी एक अडचण पुस्तिकेत यायला हवी होती. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, हे आपल्या शब्दातच आहे. म्हणून तिने २९ साठी तीन एक्स मांडले आणि डावीकडे आय ठेवला. विचार सुंदर होता, आणि मी तिला तसं सांगितलंही. लॅटिन बोलतानाही १९ ला ‘उन्देविगिन्ती’, म्हणजे विसाला एक कमी, असंच म्हणत. पण लिहिताना दशक वेगळं आणि एकक वेगळं: एक्स-एक्स, मग आय-एक्स.

पुठ्ठ्याच्या घड्याळावर चारसाठी आय-व्ही छापलं आहे, तर आमच्या भिंतीवरच्या घड्याळात चार उभ्या रेघा. भाचीने कोणतं चूक असं विचारलं. पुष्कळ घड्याळांवर चार आयच असतात. लंडनच्या बिग बेनच्या तबकडीवर मात्र आय-व्ही आहे. रोमच्या कलोसियमच्या ४४ व्या दारावर एक्स-एल आणि पुढे चार आय कोरलेले आहेत, म्हणजे चाळीस वजाबाकीने आणि चार बेरजेने, एकाच संख्येत. आज आपण शिकवतो तेवढे पक्के नियम तेव्हा नव्हते. शाळेच्या वहीत मात्र आय-व्हीच लिहायचं, हे तिला आवर्जून सांगितलं.

वापरताना एक काळजी घ्या: मुलाच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोरून तिचा ९ तुम्हाला ११ दिसतो, आणि ठोकळे उलटे-सुलटे झालेत असंही वाटत नाही, कारण आय आणि एक्स दोन्ही बाजूंनी सारखेच.

संच घ्यावा, पाटीसाठी तर नक्कीच. पुस्तिका बाजूला ठेवा आणि तोंडी शिकवा. निर्मात्यांना विनंती आहे की पुढच्या खेपेला एक्स, सी आणि एम एकेक वाढवा, आणि घड्याळातल्या चारसाठी आणखी एक आय. तोवर आम्ही जाड पुठ्ठ्याचे चार ठोकळे कापले आहेत. पुठ्ठ्याचा एक्स जरा बुटका झाला आहे, पण खाचेत बसतो. १९८९ मांडून भाचीने ती पाटी आईला दाखवायला नेली.