सव्वा लाख पळालेली सेकंड हँड एसयूव्ही: कोकणातले अकरा महिने

जुनी गाडी म्हटली की पहिला प्रश्न, "किती पळाली आहे?" आणि दुसरा, "ॲव्हरेज किती देते?" गेल्या दसऱ्याला मी सात सीटची डिझेल गाडी घेतली. २०१७ची, मीटरवर १,१२,०००. आकडा ऐकूनच निम्म्या वाडीने तोंड वाकडं केलं. आता गणपती तोंडावर आलेत, मीटर १,२६,०००च्या पुढे गेलाय आणि मधे आंब्याचा एक हंगाम आणि जवळजवळ अख्खा पावसाळा होऊन गेलाय. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की कंपनीवरून भांडण जुंपतं आणि मुद्दा बाजूला राहतो.

आम्ही गुहागर तालुक्यातले. घरात आई, बायको, दोन पोरं. बायकोचं माहेर कोल्हापूर. म्हणजे कुंभार्ली घाट ठरलेला, आणि घरासमोरचा जांभ्याचा चढ रोजचा.

पहिली बघितलेली गाडी एका चाकरमान्याची. मीटरवर ३८,०००. "दादा, वर्षातून दोनदाच चालते. गणपती आणि शिमगा." आतून नवी कोरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. मी मनातल्या मनात पैसे मोजायला लागलो होतो. आमचा मेकॅनिक मीटरकडे बघायलाही तयार नाही. त्याने गोणपाट अंथरलं, खाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "वाका जरा इकडे." चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, आतल्या अंगाला त्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं, तर पापडासारखा पापुद्रा सुटून हातात आला. ब्रेक डिस्कला खड्डे, एका वायरिंगला उंदराचे दात. टायरवर चार आकडी शिक्का २२१६, म्हणजे २०१६च्या बाविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी भरपूर शिल्लक, पण बाजूला भेगाच भेगा. गाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वर्षानुवर्षं माडाखाली उभी होती. खारा वारा खात, न पळता म्हातारी झालेली.

कमी रनिंगवरचा माझा विश्वास त्या दिवशी उडाला. देशावर कमी पळालेली गाडी म्हणजे जपलेली गाडी असेलही. इथे किनाऱ्यावर मात्र ती कुठे उभी होती, हे आधी विचारावं.

दुसरी गाडी घाटावरच्या एका डीलरकडे. ५२,०००, फर्स्ट ओनर, पॉलिश अशी की तोंड बघावं. पण ब्रेक पेडलचं रबर पार गुळगुळीत, आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलेली. बावन्न हजारात इतकं झिजत नाही. मग मी मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. सहसा कोणी तो पूर्ण ओढत नाही, धुणारा तर नाहीच. शेवटच्या वीतभर भागावर तांबूस गाळाची आडवी रेघ होती, अगदी पट्टीने मारल्यासारखी. सीटखालचे बोल्ट गंजलेले, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक माती. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा छपरापर्यंत बुडालेल्या गाड्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्यात. ही तिथली होती की आणखी कुठली, देव जाणे, पण पाणी बघून आलेली होती. डीलर म्हणाला, "सीट कव्हर नवीन घातलेत साहेब." घातलेच असणार.

तिसरी ही. कोल्हापूरकडच्या एका काकांची, पहिल्यापासून त्यांच्याच नावावर. आदल्या रात्री फोन करून सांगितलं, "काका, सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." गरम इंजिन बऱ्याच गोष्टी लपवतं. बॉनेटला हात लावला, गार होतं. एका सेल्फला उठली, थोडा धूर आला आणि लगेच निवळला. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडलं तर आतून धुराचा भपकारा नाही, म्हणजे इंजिन फार झिजलेलं नाही. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. चांगली गाडी तिथे झटक्यात बंद पडते. ही जरा कुंथली आणि मग बंद पडली. म्हणजे क्लच प्लेट संपत आलेली. त्यापोटी काकांनी पंधरा हजार कमी केले, कुरकुर न करता.

खरी खात्री त्यांच्या फायलीने दिली. प्रत्येक सर्व्हिसचं बिल, प्रत्येकावर किलोमीटर. तारखा आणि आकडे हातात हात घालून वर चढत गेलेले, कुठे उडी नाही, कुठे घसरण नाही. मेकॅनिकने स्कॅनर लावला. इंजिनच्या कॉम्प्युटरमधला आकडा आणि मीटरचा आकडा जुळला. वर्षाला चौदा-पंधरा हजार, तेही बहुतेक पुणे हायवेवर टॉप गिअरमध्ये. असे लाख किलोमीटर मी चाळीस हजारांच्या बदल्यात केव्हाही घेईन.

कागदपत्रांचं थोडक्यात: मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, शिवाय पासिंग एमएच ०९चं, म्हणजे कोल्हापूरचं, असल्याने फॉर्म २८ची एनओसी (ना हरकत दाखला). विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवस मिळतात. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, तेव्हा काकांचा बोनस काकांकडेच राहिला.

आता ॲव्हरेज. डॅशबोर्डवर दिसतो तो आकडा फक्त बघून खूश होण्यासाठी. मी टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजतो, तेही त्याच पंपावर आणि नोझल एकदा कट झालं की पुढे टिपकवायला न सांगता. पहिल्या वेळी ५४६ किलोमीटरला ४२ लिटर लागलं. म्हणजे १३. डॅशबोर्ड म्हणत होता १५.१.

तेरा म्हटल्यावर मी खट्टू झालो. इंजेक्टर, एअर फिल्टर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. एकदा मुंबईला जाताना पोराने फोनवर अंतर लावलं होतं. फोन म्हणतो ५० किलोमीटर, मीटर म्हणतो ४८. उतरून टायर वाचला. मूळ माप २१५/७५ आर १५, आणि काकांनी हौसेने घातलेले २३५/७५. चाक सव्वाचार टक्क्यांनी मोठं, त्यामुळे तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पुढे जाते आणि मीटर कमी मोजतं. मीटर कोणी मागे घेतलं नव्हतं, तरी खोटं बोलत होतं! आणि हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. शिक्क्याची तारीख वाचली, शेजारचं माप वाचलं नाही. हिशेब सुधारला तर ते तेराचे साडेतेरा होतात.

सुधारलेले आकडे असे: गावात, चिपळूण-गुहागर फेऱ्यांत साडेबारा. मुंबईकडे, ऐंशीच्या आसपास धरलं तर साडेपंधरा. कुंभार्ली चढून, सात माणसं आणि एसी घेऊन, कोल्हापूर जाऊन-येऊन चौदाला थोडं कमी. उतारावर गाडी न्यूट्रल करणारे खूप आहेत. कृपा करून करू नका. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंजेक्टर डिझेल तोडतो, न्यूट्रलमध्ये इंजिन उलट थोडं पितच राहतं. ब्रेक तापतात ते वेगळंच.

अकरा महिन्यांत खर्च चौतीस हजार. क्लच साडेचौदा (तो ठाऊकच होता), पुढचे बुश (सस्पेन्शनमधले रबर) सहा, बॅटरी पावणेसहा, एसीचा कंडेन्सर साडेसात, बाकी सायलेन्सरचं वेल्डिंग. कंडेन्सरचा दोष मी काकांना देणार नाही. गाडी कोल्हापुरात ठणठणीत होती. इथल्या खाऱ्या वाऱ्याने त्याच्या जाळीचा भुगा व्हायला आला आणि मार्चमध्ये गॅस गेला. रस्त्यात मात्र एकदाही बंद पडली नाही, भर पावसात घाटातसुद्धा नाही.

धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने जातो तेव्हा भरतीला रॅम्पवर चाकं खाऱ्या पाण्यात भिजतात. तिथून आलो की त्याच संध्याकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याने खालून धुतो. आई म्हणते, गाईलासुद्धा कधी एवढी आंघोळ घातली नाहीस. चॅसीला मेमध्ये अंडरकोटिंग केलं, पण त्याआधी दोन दिवस उन्हात वाळवून. ओलीवर मारलं तर गंज आत कोंडला जातो.

टायर अजून तेच आहेत. गणपती झाले की मूळ मापाचे घालणार.