म्हाताऱ्या मांजराचं दयामरण: घरी येणारी व्हेट सेवा घ्यावी का?

घ्यावी. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये दुखणाईत मांजर बास्केटमध्ये घालून नेण्यापेक्षा व्हिजिटचे जादा पैसे परवडले. बुक करताना एवढंच विचारा: आधी गुंगीचं इंजेक्शन देता का? ‘नाही’ म्हणाले तर दुसरा डॉक्टर बघा. गुंगी चढायला साधारण 5 ते 10 मिनिटं, मग शिरेतून पेंटोबार्बिटल (प्राण शांतपणे थांबवणारं औषध). किडनी गेलेल्या मांजराची शीर पटकन सापडत नाही, अंगात पाणी कमी असतं. वेळ लागला म्हणजे डॉक्टर अडाणी असं नव्हे. डोळे उघडेच राहतात, लघवी होते (खाली पॅड हवं), प्राण गेल्यावरही एखादा आचका येतो. हे आधी न सांगणं ही मोठी उणीव. तोच आचका पुढे ‘जिवंत होती का?’ म्हणून छळतो.

‘घाई केली’ ही टोचणी हटकून लागते. म्हणून वजन, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि व्हिलालोबोस स्केलचे गुण (आजारी प्राण्याचं जगणं किती सुसह्य आहे ते मोजणारी पट्टी: 7 निकष, प्रत्येकी 10, बेरीज 35 च्या वर असेल तर दयामरण लांबवता येतं) डॉक्टरांकडून लिहून घ्या, तारखेसकट. रात्री वाचायला तो कागदच कामाला येतो.

अंत्यसंस्कारासाठी मालाडला महापालिकेची दाहिनी आहे, 2023 पासून. आधी फोन करा. घरात दुसरं मांजर असल्यास देह नेण्यापूर्वी त्याला तो हुंगू द्या.