दोन टनी रॅचेट पुलर: आवारातला बुडखा काढायला कितपत कामाचा?

पुण्यातल्या बोहरी आळीत किंवा ऑनलाइन साधारण दीड ते अडीच हजारांत मिळणारा हा हातपुलर. लांब दांडा, दातेरी चक्र, त्यावर गुंडाळलेली वायर रोप आणि दोन-तीन हुक, एवढाच कारभार. झाड तोडणारे फांद्या घेऊन जातात, बुडखा तुमच्या गळ्यात. जेसीबीवाला एवढ्याशा कामाला यायला नाखूश असतो, आला तर किमान तासांचं भाडं लावतो, आणि जुन्या बंगल्याच्या फाटकातून ते धूड आत शिरतच नाही. तिथे हा पुलर कामाला येतो. पण खोक्यावरच्या 'दोन टन' या आकड्यावर अजिबात जाऊ नका.

स्वस्त पुलरला बहुधा ५ मिमीची वायर असते. ती साधारण सव्वा ते दीड टनाला तुटते. वायर रोपवर तुटण्याच्या भाराच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतच ताण द्यायचा, हा नेहमीचा हिशेब. म्हणजे एकेरी वायरवर पाव टन, सोबतच्या कप्पीतून दुहेरी करून घेतली तर जेमतेम अर्धा टन. मुळं शाबूत असलेला फूटभर जाडीचा बुडखा एवढ्यावर हलतसुद्धा नाही. तेव्हा हे यंत्र बुडखा उपटायचं नाही; मोकळा केलेला बुडखा आडवा पाडायचं आहे.

खरं काम पहार, टिकाव आणि कुऱ्हाडीचं. बुंध्यापासून दीड-दोन फूट अंतर सोडून भोवती दीड फूट रुंद, दोन फूट खोल चर घ्या. काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते, म्हणून आदल्या रात्री पाणी सोडून ठेवा. चर झाला की नळीच्या धारेने मुळं धुऊन काढा. ही पायरी टाळली की कुऱ्हाड मुरमाच्या खड्यांवर आपटून बोथट होणार, हे ठरलेलं. प्रत्येक जाड मूळ दोन ठिकाणी तोडून मधला सात-आठ इंचांचा तुकडा काढून टाका. नुसता एक घाव घातला तर ओढताना तुटकी टोकं एकमेकांत अडकतात. खोदण्याआधी पाण्याची लाइन, महावितरणची केबल आणि एमएनजीएलची गॅस पाइप कुठून गेली आहे ते बघा. मुळं बहुधा या लाइनींसाठी खणलेल्या चरांमध्येच शिरलेली असतात.

झाड अजून तोडायचं असेल (महापालिकेच्या परवानगीनेच), तर तोडणाऱ्याला तीन-साडेतीन फूट खोड ठेवायला सांगा. पुलरचा जोर वाढवायचा हा फुकटचा उपाय आहे: वायर वर बांधली की खोडच तरफ होतं. जमिनीलगत कापलेलं असेल तर पलीकडच्या बाजूच्या जाड मुळाला साखळी बांधा, ती बुडख्यासमोर उभ्या धरलेल्या गाडीच्या जुन्या रिमवरून आणा, म्हणजे ओढ थोडी वर लागते.

दुसरं टोक कशाला बांधायचं, यावर बरंच अवलंबून आहे. कंपाउंडचा किंवा फाटकाचा खांब नको. विटांचं काम असल्या आडव्या ओढीसाठी नसतं. शेजारचं जाड झाड असेल तर बुंध्याला पोतं गुंडाळून रुंद पट्टा लावा. अंतर कमी पडलं तर साखळी जोडा, नायलॉनचा दोर नको. तो ताणला जातो, दांड्याची निम्मी मेहनत त्यातच जाते, आणि तुटला तर गोफणीसारखा परत येतो. वायरच्या मध्यावर ओलं पोतं टाकून ठेवा आणि वायरच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

वस्तूतले दोष सरळ सांगायचे तर: खटक्याची स्प्रिंग अगदी किरकोळ. चिखल बसला की खटका दातात पूर्ण बसत नाही आणि भाराखाली 'टक्' करून एक दात सुटतो. अशा वेळी दांडा हाताला मार देतो. रॉकेल नाही मिळालं तर डिझेलच्या ब्रशने साफ करून तेल द्या. वायर सैल गुंडाळलेली असेल तर वरचा वेढा खालच्यात रुततो, म्हणून आधी थोडा ताण देऊन नीट गुंडाळून घ्या. ड्रमवर तीन-चार वेढे कायम राहू द्या. दांड्याला पाइप घालून लांबी वाढवू नका. दांडा वाकायला लागला म्हणजे आणखी एक मूळ तोडायचं बाकी आहे.

एकच बुडखा असेल तर विकत घेण्यापेक्षा पाऊण टनी लिव्हर ब्लॉक (दांडा मागे-पुढे करून साखळी ओढणारं यंत्र) भाड्याने आणा. साखळी असल्याने भरवशाचा, आणि आडवा चालतो. साधी चेन पुली आडवी लावली की हातसाखळी अडकते. दोन-चार बुडखे असतील, किंवा पुढे फांद्या ओढायच्या असतील, तर हा पुलर परवडतो.

झाडानुसारही फरक पडतो. गुलमोहराची मुळं वरवर पसरलेली, तो लवकर निघतो. सुबाभूळ चिवट, खोल सोटमूळ तोडल्याशिवाय हटत नाही, आणि बुडखा ठेवला तर पुन्हा फुटतो. नारळाला पुलर लावूच नका. त्याला फुटवा येत नाही, मुळं पेन्सिलएवढी असतात. मध्ये खड्डा कोरून त्यात माती-शेणखत भरलं की तो हळूहळू कुजतो.

सोऱ्याची (पोटॅशियम नायट्रेटची) पावडर बुडख्याच्या भोकांत भरायचा उपाय खोटा नाही, पण तो महिन्यांचा मामला आहे, आणि ओल टिकवली तरच. मीठ किंवा डिझेल ओतून मात्र माती बिघडवू नका. खड्डा भरताना थराथराने पाणी मारून चोपा आणि वर अर्धा फूट माती जास्तीची ठेवा, पहिल्या पावसात ती खाली बसते.