लांब पल्ल्यासाठी सेमी ट्रक: कॅस्केडिया, केनवर्थ-पीटरबिल्ट की व्होल्वो?

अमेरिकेत लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीसाठी स्वतःचा पहिला सेमी ट्रक, म्हणजे मागे ट्रेलर ओढणारी गाडी, घेणाऱ्याच्या यादीत बहुधा चार नावे असतात: फ्रेटलायनर कॅस्केडिया, केनवर्थ टी६८०, तिचीच सख्खी बहीण म्हणावी अशी पीटरबिल्ट ५७९ आणि व्होल्वो व्हीएनएल. इंटरनॅशनल एलटीचा विचार किंमत कमी दिसली की होतो. ट्रेलर आणि मालासह एकूण ८०,००० पौंडांची संघीय मर्यादा गाठून या सगळ्याच गाड्या वर्षानुवर्षे देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत आहेत, त्यामुळे ‘कोणती कंपनी चांगली’ एवढ्या प्रश्नाने निर्णय होत नाही. मोठ्या ताफ्यातली एक गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये गेली तर दुसरी माल उचलते. ज्याचे घर आणि गाडीचा हप्ता एकाच गाडीवर चालतो, त्याचे मात्र त्या आठवड्यात उत्पन्न थांबते आणि खर्च तसाच चालू राहतो. म्हणून इथे विश्वासार्ह म्हणजे जी कमीत कमी दिवस उभी राहते आणि उभी राहिलीच तर लवकर रस्त्यावर येते ती गाडी, असा अर्थ मी धरला आहे.

या अर्थाने पाहिले की आधी इंजिन निवडावे लागते. कॅस्केडियात बहुतेक करून डेट्रॉइट या इंजिन कंपनीचे १४.८ लिटरचे डीडी१५ किंवा त्याहून लहान डीडी१३ असते आणि त्याला डेट्रॉइटचाच डीटी१२ हा स्वयंचलित गिअरबॉक्स जोडलेला असतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि बऱ्याचदा एक्सलही एकाच घरचे असल्याने दोष कोणाचा यावर दोन कंपन्यांत टोलवाटोलवी होत नाही. ही अमेरिकेतली सर्वाधिक खपाची जड गाडी असल्याने तिचे सुटे भाग, तिची माहिती असलेले मेकॅनिक आणि भंगारातून मिळणारे दरवाजे-बंपरही मुबलक आहेत. याचे मोल वाटेत गाडी बंद पडल्यावर कळते.

केनवर्थ आणि पीटरबिल्ट या दोन्ही पॅकार कंपनीच्या. टी६८० आणि ५७९ दोन्ही २०१२ पासूनच्या असून त्यांच्या केबिनचा मूळ सांगाडाही सामाईक आहे, तेव्हा त्या दोघींत निवड करताना जवळ कोणाचा विक्रेता आहे आणि हातात आलेली गाडी कशी सांभाळली आहे एवढेच पाहिले तरी चालते. खरा फरक इंजिनात पडतो. पॅकारचे स्वतःचे १२.९ लिटरचे एमएक्स-१३ घ्यायचे की कमिन्स या स्वतंत्र इंजिन कंपनीचे एक्स१५, हा प्रश्न खरेदीच्या आधीच सोडवायला हवा. एमएक्स-१३ वजनाने हलके आहे. सपाट प्रदेशात आणि मध्यम वजनाच्या मालासाठी ते शांतपणे काम करते. एक्स१५ मोठे आहे, चढावर दम टिकवून धरते आणि मुख्य म्हणजे ते अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसवले जात असल्याने कमिन्सच्या केंद्रांत तर दुरुस्त होतेच, शिवाय असंख्य स्वतंत्र गॅरेजांतही त्याला हात लावणारा माणूस भेटतो. एकट्या मालकासाठी मी एक्स१५ कडे झुकतो, आणि त्याचे कारण त्याची ताकद नसून ही सर्वदूर मिळणारी दुरुस्ती आहे.

व्हीएनएलमध्ये व्होल्वोचे १२.८ लिटरचे डी१३ आणि बारा गिअरचा आय-शिफ्ट हा स्वयंचलित गिअरबॉक्स ही जोडी प्रामुख्याने मिळते. आय-शिफ्टचे गिअर ज्या सहजतेने बदलतात ती सहजता दिवसातले अकरा तास गाडी हाकणाऱ्याच्या गुडघ्यांना आणि कंबरेला जाणवते. उच्च ताकदीच्या पोलादाची केबिन हाही तिचा जमेचा मुद्दा आहे. तिचा निर्णय मात्र नकाशावर करावा: आपण ज्या मार्गांवर नेहमी माल नेतो त्यांवर व्होल्वोची केंद्रे किती अंतराने आहेत ते मोजावे, आणि दोन केंद्रांमध्ये पाचशे मैलांची पोकळी दिसली तर या गाडीचे सुख त्या पोकळीच्या तुलनेत तोलून पाहावे.

इंटरनॅशनलबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. २०१० चे प्रदूषणाचे नियम आले तेव्हा इतर कंपन्यांनी धुरात युरियाचे द्रावण फवारण्याचा मार्ग धरला, तर या गाड्या बनवणाऱ्या नॅव्हिस्टारने फक्त धूर इंजिनात परत फिरवून नियम पाळण्याचा प्रयत्न केला. त्या काळातल्या मॅक्सफोर्स इंजिनांच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या आणि २०१२ मध्ये कंपनीने तो मार्ग सोडला. त्या वर्षांची इंटरनॅशनलची स्वस्त प्रोस्टार गाडी मॅक्सफोर्स इंजिनासह समोर आली तर तिच्या किमतीचा मोह टाळावा. कमिन्सचे इंजिन असलेली एलटी ही वेगळी गाडी आहे आणि तिचा विचार मोकळ्या मनाने करता येतो.

आता सगळ्या आधुनिक गाड्यांना सारख्याच लागू होणाऱ्या दुखण्याकडे येऊ. २००७ पासून धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला आणि २०१० पासून नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी डीईएफ हे युरियाचे द्रावण आले. आजच्या गाड्या उभ्या राहतात त्या बऱ्याचदा पिस्टन-क्रँकमुळे नव्हे, तर या यंत्रणेतल्या सेन्सरमुळे, द्रावण फवारणाऱ्या नळीमुळे किंवा धूर थंड करणारा कूलर फुटल्यामुळे. बिघाड दुर्लक्षित राहिला तर इंजिनाचा संगणक ताकद कमी करतो, आणि वेग ताशी ५ मैलांपर्यंत उतरवण्याची तरतूदही अनेक गाड्यांत असते. ज्या गाडीने आयुष्य महामार्गावर एकसारख्या वेगाने काढले तिचा फिल्टर चालता चालता तापून स्वच्छ होत राहतो. जी गाडी शहरात रखडली किंवा रात्र-रात्र इंजिन चालू ठेवून उभी राहिली तिचा फिल्टर तुंबतो. त्यामुळे मैल किती झाले यापेक्षा उभ्या गाडीत इंजिन किती तास चालले हा आकडा मला जास्त बोलका वाटतो. तो इंजिनाच्या संगणकातून काढता येतो आणि खरेदीपूर्वी तो मागितलाच पाहिजे.

यावर उपाय म्हणून काही जण जुन्या गाडीकडे वळतात. २००० पूर्वीच्या मॉडेलच्या इंजिनाला इलेक्ट्रॉनिक लॉगची (गाडी चालवल्याच्या तासांची आपोआप होणारी नोंद) सक्ती नाही आणि डीपीएफची कटकटही नाही, हे आकर्षण खरे आहे. पण कॅलिफोर्नियात २०२३ पासून जड गाडीला २०१० किंवा त्यानंतरच्या मानकाचे इंजिन लागते, म्हणजे देशातल्या फार मोठ्या बाजारपेठेचा माल हातचा जातो. शिवाय जुन्या गाड्यांत आढळणारी इंजिने बनवणाऱ्या कॅटरपिलरने महामार्गावरच्या ट्रकांसाठी इंजिने बनवणे केव्हाच थांबवले असल्याने तशी गाडी घेणाऱ्याने स्वतः पाना चालवणारा असावे. ज्याला इंजिन खोलता येत नाही त्याने हा मार्ग धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवी घ्यावी की वापरलेली, हा प्रश्न त्यानंतरचा. नव्या जड ट्रकवर पहिल्या विक्रीच्या वेळी १२ टक्के संघीय उत्पादन शुल्क लागते, वापरलेल्यावर लागत नाही. नव्या गाडीची हमी हा मोठा दिलासा असला तरी भाडे पडले की तिचा हप्ता जड होतो. मोठे ताफे साधारण चार-पाच वर्षांनी चार-पाच लाख मैल झालेल्या गाड्या विकतात आणि त्यांच्याकडे देखभालीची संपूर्ण नोंद असते. पहिल्या खरेदीसाठी मला हाच गट सर्वांत योग्य वाटतो. फक्त हमी संपण्याच्या सुमारासच ती गाडी विकायला निघालेली असते हे ध्यानात ठेवून संपूर्ण इंजिन खोलण्याच्या कामासाठी, ज्याला २५ ते ४० हजार डॉलर सहज लागतात, दर मैलामागे १५ सेंट बाजूला टाकण्याची शिस्त पहिल्या फेरीपासून हवी.

अशी गाडी पाहायला जाताना इंजिन थंड ठेवायला आधीच सांगावे. विक्रेत्याने ते गरम करून ठेवले असेल तर पहिल्या सुरुवातीचा खडखडाट आणि धुराचा रंग आपल्याला कळतच नाही. मग धुराड्याच्या आत बोट फिरवून पाहावे: डीपीएफ धड असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघते, काळी काजळी लागली तर फिल्टर फुटला आहे किंवा कोणी काढून टाकला आहे. इंजिन चांगले तापल्यावर ऑइल भरण्याचे झाकण काढून त्याच तोंडावर उलटे ठेवावे. ते हलके थरथरले तर ठीक, वाफेच्या जोराने उडून पडले तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. शेवटी कूलंटची टाकी. बाहेर कुठे गळती नसताना ती कमी होत असेल तर कूलंट इंजिनात किंवा धुरात जात आहे, आणि ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय सौदा पुढे नेऊ नये.

गिअरबॉक्सबाबत फार बोलण्याची गरज नाही. डोंगराळ भागात अतिजड माल ओढणाऱ्याला आजही ईटनचा १३ किंवा १८ गिअरचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स योग्य आहे; बाकीच्यांनी स्वयंचलित घ्यावा, कारण पुढे गाडी विकताना त्यालाच गिऱ्हाईक जास्त मिळते. ॲव्हरेज मात्र हिशेबात धरावे. वर्षाला एक लाख मैल धरले तर गॅलनमागे साडेसहा मैलांऐवजी साडेसात देणारी गाडी सुमारे २,०५० गॅलन डिझेल वाचवते, आणि गॅलनला ४ डॉलर धरले तर तीच रक्कम ८,२०० डॉलर होते. हा फरक केवळ कंपनीचा नसून गाडीच्या आकाराचा, एक्सलच्या गुणोत्तराचा, टायरमधल्या हवेचा आणि आपल्या पायाचाही असतो. चौकोनी नाकाची देखणी गाडी घेणाऱ्याने वाऱ्याचा विरोध दर मैलाला डिझेलने फेडावा लागतो हे समजून घ्यावे.

तेव्हा नेहमीचा मार्ग ठरलेला नाही, माल मध्यम वजनाचा आहे आणि दुरुस्ती स्वतःला येत नाही, अशा पहिल्या खरेदीदाराने ताफ्यातून निघालेली डीडी१५ आणि डीटी१२ असलेली कॅस्केडिया घ्यावी. रॉकी पर्वत वारंवार ओलांडायचे असतील, माल जड असेल किंवा ओळखीचे स्वतंत्र गॅरेज हाताशी असेल, तर एक्स१५ बसवलेली टी६८० किंवा ५७९ जास्त उपयोगी पडेल. मार्ग ठरलेला असून त्यावर व्होल्वोची केंद्रे पुरेशी असतील, तर व्हीएनएल निवडायला माझी हरकत नाही. आणि यांपैकी कोणतीही असली तरी विक्रेता इंजिनाच्या संगणकाचा अहवाल किंवा डीपीएफ साफ केल्याची नोंद द्यायला तयार नसेल, तर ती गाडी तिथेच सोडून पुढची पाहायला जावे.