चिल्लर चाळावी की नाणे विकत घ्यावे?
संग्राहकांना हवी असलेली, टांकसाळीत चुकीची पडलेली नाणी पांढरकवड्याच्या बाजारातल्या चिल्लरीत शोधावीत की विक्रेत्याकडून घ्यावीत, याबाबत माझा कल पहिल्या मार्गाकडे आहे. किराणा दुकानदाराला नोट देऊन घेतलेले रुपयाचे नाणे सरळ धरून डावीकडून उजवीकडे उलटवले आणि मागची बाजू तिरकी दिसली, तर ठसा (छाप उमटवणारा साचा) फिरलेला असतो. नाण्याची कोरी चकती जागेवर नीट न बसल्यास छाप एका कडेला सरकतो. निर्दोष नाणे पुन्हा खर्च करता येते, त्यामुळे तोटा केवळ वेळेचा होतो (कापूस वेचणीत तोही परवडत नाही). विक्रेत्याकडे ठळक चूक लगेच मिळते, आणि जून २०११अखेर चलनातून बाद झालेल्या २५ पैशांच्या नाण्यांसाठी त्याच्याकडेच जावे लागते. मात्र कानस मारून बनवलेली 'चूक'ही तिथेच गळ्यात पडते, म्हणून भिंगाने कड तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.